आठ कलांचा प्रश्न : योहानेस केप्लर यांचे चरित्र

संगणकाच्या पडद्यावर सूर्यमालेचे त्रिमितीय दर्शन घडविणारे कक्षादर्शक आज कोणासही विनामूल्य पाहावयास मिळतात. नासासारख्या संस्थांनी ते सर्वांसाठी खुले केले आहेत. काळ्याभोर अवकाशाच्या मध्यभागी सूर्य, त्याच्याभोवती ग्रहांच्या कक्षांच्या बारीक रेषा आणि त्या रेषांना छेदून जाणारे यानांचे मार्ग, असा तो देखावा असतो. पट हवा तसा फिरवावा, वरून पाहावा, कडेने पाहावा. तारीख पुढे न्यावी, मागे न्यावी. ग्रह त्या त्या दिवशी जेथे असावयाचे तेथेच जाऊन उभे राहतात. मुले त्यात रंगून जातात, यात नवल नाही. परंतु चित्र पाहून संतोष पावलेल्या माणसाने चित्रकाराची चौकशी करणे हेही योग्यच होय. त्या रेषांचा खरा आकार ज्याने प्रथम ओळखला, त्याने तो गणकयंत्र नसताना, दुर्बिणीच्या पूर्वीच्या काळात, दुबळ्या दृष्टीने आणि बहुधा रिकाम्या खिशाने ओळखला. त्याचे नाव योहानेस केप्लर. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. आणि सांगताना तो कक्षादर्शकही हाताशी ठेवणार आहोत. कारण केप्लरने वर्षानुवर्षे कष्टून जे जाणले, ते आमच्या विद्यार्थ्यांना काही क्षणांत स्वतः पडताळून पाहता येण्यासारखे आहे.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल या लहानशा गावी झाला. आजोबा गावचे नगराध्यक्ष होते. पण घराण्याची ती प्रतिष्ठा पुढच्या पिढीत टिकली नाही. बाप भाडोत्री सैनिक म्हणून परमुलखातील लढायांवर जाई, आणि अखेर एकदा गेला तो परतलाच नाही. आई कातारिना ही एका खाणावळवाल्याची मुलगी. ती औषधी पाल्याची जाणकार होती. मूल अपुऱ्या दिवसांचे, नाजूक प्रकृतीचे. त्यातच लहानपणी देवी आल्या आणि दृष्टी कायमची अधू झाली, हातही दुबळे झाले. ज्याला आकाशातील तारे नीट दिसत नाहीत त्याने ज्योतिर्विद व्हावे, हा दैवाचा विलक्षण खेळच म्हटला पाहिजे. तरी १५७७ मध्ये मोठा धूमकेतू दिसला तेव्हा आईने या मुलाचा हात धरून त्याला एका उंच जागी नेले आणि तो दाखविला. पुढे नऊ वर्षांचा असताना खग्रास चंद्रग्रहणही त्याने पाहिले. या दोन आठवणी त्याच्या मनात जन्मभर राहिल्या. त्या आईचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिची कथा पुढे येणार आहे.

मुलगा बुद्धिमान होता आणि गरीब पण हुशार मुलांना त्या राज्यात शिष्यवृत्त्या मिळत, म्हणून त्याचे शिक्षण झाले. धर्मोपदेशक व्हावे ही त्याची इच्छा होती. १५८९ मध्ये तो ट्युबिंगेन विद्यापीठात दाखल झाला. तेथे मेस्टलिन नावाचे गणिताचे अध्यापक होते. नेमलेल्या पाठांत ते टॉलेमीचे जुने, पृथ्वीला केंद्रस्थानी मानणारे मत शिकवीत. परंतु निवडक शिष्यांना कोपर्निकसचे सूर्यकेंद्री मतही समजावून सांगत. एका चांगल्या शिक्षकाने वर्गाबाहेर पेरलेले बी केवढा वृक्ष होऊन वाढते, याचे हे उदाहरण आम्हा शिक्षकांना विशेष वाटते. १५९४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शाळेत गणितशिक्षकाची जागा रिकामी झाली आणि धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या केप्लरची तेथे रवानगी झाली. पहिल्या वर्षी त्याच्या वर्गात थोडीच मुले आली. दुसऱ्या वर्षी एकही आले नाही. शिक्षक म्हणून तो अवघडच असावा. बोलताना एका विचारातून दुसऱ्यात शिरे आणि ऐकणारे मागे राहत.

पण १९ जुलै १५९५ रोजी फळ्यावर आकृती काढून शिकवीत असताना त्याच्या मनात एक कल्पना चमकून गेली. त्या काळी ठाऊक असलेले ग्रह सहा. त्यांच्यामधील अंतरे पाच. आणि भूमितीत सर्व बाजू समान असलेल्या सुसम घनाकृतीही पाचच आहेत. तेव्हा ईश्वराने या पाच आकृती एकीच्या आत एक बसवून ग्रहांची अंतरे ठरविली असावीत, असे त्याला वाटले. १५९६ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला. आजच्या दर्शकात आठ ग्रह दिसतात. त्यामुळे ही कल्पना आपोआपच निकालात निघाली आहे. केप्लरने मात्र ती शेवटपर्यंत पूर्णपणे सोडली नाही. मोठी माणसेही आपल्या पहिल्या कल्पनेवर अपत्यासारखी माया करतात. तथापि केप्लरचा मोठेपणा असा की, ती कल्पना प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिल्यावाचून त्याला चैन पडेना. आकडे पूर्ण जुळत नव्हते. अचूक वेध पाहिजे होते. आणि ते युरोपात एकाच माणसापाशी होते.

तो माणूस म्हणजे डेन्मार्कचा सरदार टायको ब्राहे. दुर्बीण अजून निघावयाची होती. नुसत्या डोळ्यांनी, परंतु भव्य आणि काळजीपूर्वक बनविलेल्या यंत्रांच्या साहाय्याने टायकोने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. इकडे ग्राझ येथे धर्मद्वेषाचा वणवा पेटला. धर्मांतर न करणाऱ्या प्रॉटेस्टंटांना हाकलून देण्यात आले, त्यांत केप्लरही होता. १६०० च्या फेब्रुवारीत तो प्रागजवळच्या बेनाट्की किल्ल्यात टायकोला भेटला. एक श्रीमंत आणि मानी, दुसरा निर्धन आणि तितकाच मानी. दोघांचे खटके उडू लागले. टायको आपले वेध सहसा कोणास पुरते दाखवीत नसे. परंतु मंगळाचे काम त्याने केप्लरकडे सोपविले. आणि हे मोठे भाग्याचे झाले. कारण त्या काळी ज्या ग्रहांच्या कक्षा नीट तपासता येण्याजोग्या होत्या, त्यांत वर्तुळापासून स्पष्टपणे ढळलेली कक्षा मंगळाचीच होती. २४ ऑक्टोबर १६०१ रोजी टायको निवर्तला आणि सम्राट रुडॉल्फने केप्लरला राजगणिती नेमले. पद मोठे होते. पगार मात्र कागदावरच अधिक होता.

आता मंगळाशी जे युद्ध झाले ते थोडे समजून घेऊ. आमच्या वाचकांनी येथे कक्षादर्शक उघडावा.

प्रथम पट आडवा करून सूर्यमाला कडेने पाहावी. सर्व कक्षा जवळजवळ एका पातळीत दिसतात, परंतु नेमक्या एकीत नव्हेत. मंगळाच्या कक्षेची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी दोन अंशांहूनही कमी कललेली आहे. आणि या दोन पातळ्या एकमेकींस ज्या रेषेत छेदतात ती रेषा बरोबर सूर्यातून जाते. कोपर्निकसने मोजमापाचे केंद्र खऱ्या सूर्यात न धरता पृथ्वीच्या कक्षेच्या मध्यबिंदूत धरले होते. त्यामुळे ग्रहांच्या पातळ्या हेलकावे खातात, असे मानणे त्याला भाग पडले. केप्लरने केंद्र सूर्यात आणले आणि हेलकावे एकदम थांबले. मंगळाची पातळी स्थिर आहे, हा त्याचा पहिला विजय होय. ग्रहांना फिरविणारी शक्ती सूर्यातच असली पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतले ते येथून.

दुसरी गोष्ट. दर्शकात मंगळाची जागा लक्षात ठेवून तारीख ६८७ दिवसांनी पुढे न्यावी. मंगळ सूर्याभोवती एक फेरी पुरी करून पुन्हा त्याच जागी येतो. पृथ्वी मात्र दोन फेऱ्या पुऱ्या होण्यास सुमारे ४३ दिवस उरले असताना दुसऱ्याच ठिकाणी असते. म्हणजे एकाच मंगळाकडे आपण दोन निरनिराळ्या ठिकाणांहून पाहिले. जमिनीची मोजणी करणारा सर्वेक्षक दूरच्या झाडाकडे दोन जागांवरून पाहून अंतर काढतो, तीच ही युक्ती. केप्लरने टायकोच्या वह्यांतून ६८७ दिवसांच्या अंतराचे वेध निवडून काढले आणि मंगळाला स्थिर खांब मानून प्रथम आपल्या पृथ्वीचीच कक्षा मोजली. पृथ्वीही कधी वेगाने, कधी सावकाश चालते, हे त्यातून सिद्ध झाले. दुसऱ्याचा मार्ग मोजण्यापूर्वी आपण जेथे उभे आहो ती जमीन मोजावी, हे शहाणपण येथे दिसते.

आणि आता आठ कलांची गोष्ट. वर्तुळाचे ३६० अंश, आणि एका अंशाच्या ६० कला. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे असते. तेव्हा आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या पाव हिश्शाहून थोडे अधिक. दोन हजार वर्षे सर्व विद्वानांचा असा सिद्धांत होता की, आकाशस्थ गोलांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे. केप्लरनेही आरंभी वर्तुळच धरले. सुमारे सत्तर वेळा गणित करून त्याने असे एक वर्तुळ बसविले की, मंगळाची दिशा टायकोच्या वेधांशी दोन कलांच्या आत जुळू लागली. दुसरा कोणी असता तर तेथेच लेखणी खाली ठेवून यशाचा नगारा वाजविता. परंतु केप्लरने तेच वर्तुळ दुसऱ्या प्रकारच्या वेधांशी, म्हणजे ग्रहाच्या अंतराशी, ताडून पाहिले. आणि तेथे आठ कलांची चूक निघाली.

आठ कला! टॉलेमीच्या काळी वेधच दहा कलांपर्यंत चुकण्याचा संभव असल्याने एवढ्या फरकाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु टायकोच्या हातून एवढी चूक होणार नाही, हे केप्लर जाणून होता. आकडे खरे, तेव्हा कल्पना खोटी, असा त्याने सरळ निवाडा केला आणि कित्येक वर्षांचे काम बाजूस सारून पुन्हा आरंभ केला. या आठ कलांनीच ज्योतिषशास्त्राच्या संपूर्ण सुधारणेची वाट दाखविली, असे त्याने पुढे स्वतःच नमूद करून ठेवले. आमच्या मते केप्लरच्या चरित्रातील सर्वांत मोठा क्षण नियम सापडल्याचा नसून हाच होय. नियम सापडणे हे काही अंशी भाग्य असते. जुळलेले गणित आपल्याच हाताने खोडणे हे निव्वळ चारित्र्य असते.

पुढे वर्तुळ गेले. अंडाकृती आली, तीही गेली. आणि १६०५ मध्ये अखेर लंबवर्तुळ हाती लागले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या एका नाभीत असतो, हा त्याचा पहिला नियम. सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमिते, हा दुसरा. क्रमाने पाहता दुसरा त्याला आधी सुचला होता. दोन्ही नियम १६०९ मध्ये त्याच्या नव्या ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथात प्रसिद्ध झाले. टायकोच्या वारसांशी चाललेल्या वादामुळे ग्रंथ छापण्यास बराच विलंब लागला होता.

विद्यार्थ्यांनी आता दर्शकाचा पट उभा करून मंगळाची कक्षा बरोबर वरून पाहावी. बहुतेकांना ती वर्तुळच वाटेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तिची लहान रुंदी मोठ्या लांबीपेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही. पण सूर्याकडे पाहा. तो मध्यावर नाही, सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटर एका बाजूस सरलेला आहे. म्हणून मंगळ कधी सूर्यापासून २० कोटी ६७ लाख किलोमीटरवर असतो, तर कधी २४ कोटी ९२ लाखांवर. जवळ असताना तो सेकंदाला सुमारे २६.५ किलोमीटर धावतो, दूर असताना २२ किलोमीटर. डोळ्यांना वर्तुळ भासणारी ही आकृती वर्तुळ नव्हे, हे केप्लरने डोळ्यांनी ओळखले नाही, हिशेबाने ओळखले.

या विद्वत्तेच्या काळात संसार मात्र सुखाचा नव्हता. १६११ हे वर्ष तर काळरात्रच ठरले. सहा वर्षांचा लाडका मुलगा देवीने दगावला. पत्नी बार्बरा वारली. प्रागमध्ये सैन्य घुसले आणि सम्राट रुडॉल्फला बोहेमियाच्या गादीवरून उतरावे लागले. १६१२ मध्ये केप्लर लिंझ येथे गेला. तेथे त्याने सुझाना नावाच्या मुलीशी दुसरा विवाह केला. लग्नाच्या वेळी दारूची पिंपे आणविली असता व्यापाऱ्याने आत एक काठी तिरपी घालून पिंपाचे माप घेतलेले त्याने पाहिले आणि ही रीत बरोबर आहे काय याचा शोध सुरू केला. त्यातून घनफळे काढण्यावर एक ग्रंथ १६१५ मध्ये निर्माण झाला. विचार करणाऱ्याला विषय शोधीत हिंडावे लागत नाही.

त्याच १६१५ साली एक भयंकर वार्ता आली. केप्लरच्या गावाकडील एका शेजारणीने त्याच्या वृद्ध आईवर चेटूक केल्याचा आरोप ठेवला होता. कातारिनेने दिलेल्या पेयाने आपण आजारी पडलो, असे तिचे म्हणणे. एकीने म्हटले म्हणजे दुसरीलाही जुन्या गोष्टी आठवू लागतात. कोणाचे जनावर मेले, कोणाचा पाय लुळा पडला, त्या साऱ्यांचे खापर या म्हातारीच्या माथी फुटले. त्या काळी जर्मनीत अशा आरोपांवरून असंख्य स्त्रियांना जिवंत जाळण्यात येई. १६२० च्या ऑगस्टमध्ये सत्तरी उलटलेल्या कातारिनेला पकडून साखळदंडात ठेवण्यात आले. चौदा महिने ती कैदेत होती. राजगणिती केप्लर आपले काम सोडून, बायकामुलांस घेऊन निघाला आणि आईच्या बचावासाठी उभा राहिला.

त्याने बचाव कसा केला, ते लक्ष देण्यासारखे आहे. त्याने रडगाणे गायिले नाही, की आपल्या पदाचा धाक घातला नाही. मंगळाच्या वेधांप्रमाणे त्याने एकेक साक्ष हाती घेतली. केव्हाची, कोणी सांगितलेली, पहिल्या जबानीशी जुळते की नाही, दुखण्याचे दुसरे साधे कारण संभवते की नाही, हे क्रमवार लिहून काढले. जे जुळत नव्हते ते न्यायाधीशांपुढे ठेविले. अखेरीस छळाची हत्यारे दाखवून म्हातारीला कबुलीजबाब देण्यास धमकावण्यात आले. परंतु ती डगमगली नाही. १६२१ च्या ऑक्टोबरात तिची सुटका झाली. सहा महिन्यांनी ती देवाघरी गेली. मुलाचा हात धरून धूमकेतू दाखविणाऱ्या आईचे ऋण मुलाने असे फेडले. आठ कलांकडे दुर्लक्ष न करण्याची सवय केवळ वेधशाळेपुरतीच नसते. ती एखादे वेळी माणसाचा प्राणही वाचविते.

या विवंचनेच्या काळातच तिसरा नियम सापडला. १६१८ च्या आरंभी केप्लरची एक लहान मुलगी वारली होती. मार्चमध्ये त्याला नियमाची चाहूल लागली. पण गणितात चूक झाल्याने त्याने तो टाकून दिला. १५ मे १६१८ रोजी तो पुन्हा मनात आला आणि या खेपेस आकडे जुळले. ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, असा तो नियम. आमच्या विद्यार्थ्यांनी हा वहीत करून पाहावा. दर्शकात ग्रहावर टिचकी मारली असता बहुधा अंतर आणि काळ दोन्ही दिसतात. पृथ्वीचे अंतर आणि वर्ष एक मानले तर मंगळाचे अंतर १.५२४ आणि काळ १.८८१ वर्षे, पहिल्याचा घन आणि दुसऱ्याचा वर्ग दोन्ही सुमारे ३.५४ येतात. गुरूचे अंतर ५.२०, काळ ११.८६ वर्षे, तेथेही दोन्ही सुमारे १४१ येतात. हा नियम सापडून जेमतेम आठवडा उलटला तोच प्रागमध्ये ठिणगी पडली आणि युरोपची राखरांगोळी करणारे तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस आकाशात लागोपाठ धूमकेतू दिसले. आम्हा गोमंतकीयांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. चीनकडे जाण्यास निघालेले काही जेझुइट धर्मोपदेशक त्या वेळी गोव्यात उतरले होते. त्यांतील किर्विट्झर याने गोव्यातून त्या धूमकेतूंचे वेध घेतले आणि ते १६२० मध्ये युरोपात छापले गेले. त्याच तुकडीतील योहान श्रेक याने पुढे चीनमधून ज्योतिषविषयक पत्र पाठविले. ते केप्लरच्या हाती पडले आणि त्याने त्यावरील आपले विवेचन १६३० मध्ये छापून प्रसिद्ध केले. ज्या आकाशाखाली आपण राहतो त्याच आकाशातील धूमकेतूंचे गणित तिकडे लिंझमध्ये केप्लरही मांडीत होता.

धूमकेतूंविषयी मात्र केप्लरचे मत चुकले. ते सरळ रेषेत जातात आणि पुन्हा येत नाहीत, असे तो समजे. १६०७ मध्ये त्याने स्वतः पाहिलेला धूमकेतू हा पुढे हॅलेच्या नावाने प्रसिद्ध झालेला धूमकेतू होय, आणि तो सुमारे ७६ वर्षांनी परत येतो, हे त्याच्या मृत्यूनंतर कळले. दर्शकात हॅलेचा धूमकेतू निवडून तारीख फेब्रुवारी १९८६ वर न्यावी आणि काळ वेगाने सोडावा. सूर्याजवळ तो सेकंदाला ५४ किलोमीटर धावतो. मग मंद मंद होत नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे जातो, तेथे त्याचा वेग एका किलोमीटरहूनही कमी. डिसेंबर २०२३ मध्ये त्या टोकास पोहोचून तो माघारी वळला आहे. केप्लरने ज्याला आपल्या नियमाबाहेर ठेविले तोच त्याच्या दुसऱ्या नियमाचे सर्वांत ठळक उदाहरण दाखवितो. नियम त्याच्या कर्त्यापेक्षा दूरवर पोहोचला.

उतारवयातील त्याचे मोठे काम म्हणजे रुडॉल्फीय कोष्टके. कोणत्या दिवशी कोणता ग्रह कोठे असेल, हे काढण्याची ती साधने. या गणितात एक अडचण आहे. दिलेल्या क्षणी ग्रह लंबवर्तुळावर कोठे आहे, हे एका साध्या सूत्राने एकदम सांगता येत नाही. एक अंदाज धरावा, चूक पाहावी, अंदाज सुधारावा, पुन्हा चूक पाहावी, असे करीत खऱ्याजवळ जावे लागते. कक्षादर्शकातील संगणकालाही हे गणित असेच पायरीपायरीने सोडवावे लागते, फक्त ते निमिषात होते. केप्लरने ते नेपियरच्या नव्या लॉगॅरिथमच्या मदतीने हाताने केले. १६२६ मध्ये लिंझला बंडखोर शेतकऱ्यांचा वेढा पडून छापखाना जळाला. तेव्हा हस्तलिखित वाचवून तो उल्म येथे गेला आणि १६२७ मध्ये कोष्टके छापून घेतली. त्यांवरून त्याने भाकीत केले की, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल. पॅरिसमध्ये गासेंडीने त्या दिवशी दुर्बिणीने तो काळा ठिपका पाहिला. परंतु हे पाहण्यास केप्लर उरला नव्हता. सरकारकडून सुमारे १२,००० गुल्डन पगार यावयाचा थकला होता. तो मिळविण्याच्या खटपटीत थंडीच्या दिवसांत घोड्यावरून रेगेन्सबर्ग येथे पोहोचला असता तापाने आजारी पडून १५ नोव्हेंबर १६३० रोजी त्याचे देहावसान झाले. काही वर्षांतच युद्धाच्या धुमाळीत ते दफनस्थान उद्ध्वस्त झाले. आज त्याची कबर दाखविता येत नाही.

ग्रह असे का चालतात, याचे कारण १६८७ मध्ये न्यूटनने सांगितले. आणि ग्रह परस्परांना थोडेफार ओढीत असल्याने केप्लरच्या लंबवर्तुळात बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात, हेही पुढे समजले. पण मूळ रेषा तीच राहिली. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले, १ डिसेंबरला पृथ्वीची कक्षा सोडून मंगळाच्या वाटेला लागले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे पोहोचले. या सुमारे ३०० दिवसांत इंजिन फारच थोडा वेळ चालले. बाकी सारा प्रवास पृथ्वीच्या कक्षेपासून मंगळाच्या कक्षेपर्यंतच्या एका लंबवर्तुळाच्या कमानीवरून आपोआप झाला. मंगळाभोवतीही यान लंबवर्तुळातच फिरले. जवळच्या टोकास सुमारे ४२२ किलोमीटर, दूरच्या टोकास सुमारे ७७,००० किलोमीटर. २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला, पण आठ वर्षांहून थोडे कमी काळ ते केप्लरच्याच नियमाने, आणि केप्लरच्याच मंगळाभोवती, प्रदक्षिणा घालीत माहिती पाठवीत राहिले.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत लंबकाचे दोलन मोजताना किंवा प्रकाशाचा कोन घेताना तुमचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी किंचित जुळत नाही, तेव्हा आकडा हळूच बदलण्याचा मोह होतो. तो मोह ज्याला झाला नाही अशा माणसामुळे आज यान मंगळापर्यंत जाते. कक्षादर्शकातील कोणतीही रेषा पाहताना तिच्या मागे असलेल्या त्या आठ कला तुम्हांस आठवाव्यात, एवढीच आमची इच्छा.

मार्च २००९ मध्ये नासाने एक दुर्बीण अवकाशात सोडली आणि तिला केप्लरचे नाव दिले. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे २,६०० हून अधिक ग्रह तिने मिळविलेल्या माहितीतून सापडले. इंधन संपल्यावर तिला निरोपाचा शेवटचा संदेश पाठविला गेला तो १५ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे केप्लरच्या पुण्यतिथीस. ती आता मुकी झाली आहे, तरी थांबलेली नाही. पृथ्वीच्या मागोमाग, सुमारे ३७२ दिवसांत एक फेरी या हिशेबाने, ती सूर्याभोवती फिरते आहे. ज्याची कबर पृथ्वीवर उरली नाही, त्याचे नाव धारण करणारी ती वस्तू लंबवर्तुळाकार कक्षेत, सूर्याला एका नाभीत ठेवून, समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमीत चालली आहे.